सिग्नलजवळ ब्रेक दाबताच जुनी गाडी थरथरते: दोष नेमका कुठे, ते कसं शोधायचं

हायवेवर ८०-९० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलतं, ही एक तक्रार. सिग्नल जवळ आला, वेग ३०-३५ वर उतरला आणि थांबता थांबता गाडी गचके खात, थरथरत उभी राहते, ही दुसरी. इथे दुसरीबद्दलच लिहिलं आहे. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा, पुढे डिस्क (चाकामागची तबकडी, तिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात) आणि मागे ड्रम (डब्यासारखा भाग, त्याला आतून शू दाबतात) असलेल्या गाड्यांत ती हमखास भेटते. नागपुरात बर्डीच्या गर्दीत किंवा इतवारीच्या गल्ल्यांत गाडीचा सगळा वेळ याच वेगात जातो, म्हणून शहरात ती जास्त छळते.

गॅरेजमध्ये गाडी नेली की बहुतेक वेळा पहिलं निदान येतं, "डिस्क लहरली, बदलून टाका." डिस्क बदलते, पॅड बदलतात, काही दिवस बरं वाटतं किंवा तेवढंही वाटत नाही, आणि थरथर पुन्हा हजर. याचं कारण असं की हळू वेगातली थरथर पुष्कळदा डिस्कमधून येतच नाही. ती मागच्या ड्रममधून येते, फाटलेल्या बुशमधून (जोडांमधल्या रबरी गादीतून) येते, नाहीतर डिस्कच्या मागे हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावर) साचलेल्या गंजातून येते. आणि हा गंज तसाच ठेवून वर नवी डिस्क बसवली, तर तीही काही हजार किलोमीटरमध्ये जुनीसारखीच वागू लागते. म्हणून पाना हातात घेण्याआधी अर्धा तास गाडी चालवून थरथरीचा पत्ता काढायचा.

चालवण्याआधी

पेडल दाबून ३० सेकंद धरा. ते हळूहळू खाली जात असेल, ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर चाचणी करू नका. गाडी उचलून न्या.

मग चारही चाकांचे नट पान्याने तपासा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि कित्येकदा दोष इथेच सापडतो. पंक्चर काढल्यावर नट एका ओळीने, गोल-गोल आणि पान्यावर उभं राहून आवळले जातात. चार नटांपैकी दोन दगडासारखे घट्ट आणि दोन सैलसर असले की ड्रम किंवा डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. सगळे नट अर्धा फेरा सैल करा आणि समोरासमोर अशा क्रमाने, दोन टप्प्यांत आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर गाडीसोबतच्या पान्याचं टोक एका हाताने धरून, शरीराचा भार न टाकता जेवढा जोर लागतो तेवढाच लावा, आणि चारही नटांना सारखाच. एवढ्याने फरक पडला तर पुढचं वाचायची गरज नाही.

रिकाम्या रस्त्यावर

बेसा-पिपळा किंवा दाभ्याकडच्या नव्या लेआउटमधले रस्ते सकाळी सहा-साडेसहाला मोकळे असतात. रस्ता डांबरी निवडा. नागपुरातल्या सिमेंट रस्त्यांवर ही चाचणी फसवते. सिमेंटच्या पट्ट्यांचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे २० च्या वेगात सेकंदाला सव्वा ठोका बसतो. हळू फिरणाऱ्या चाकाची थरथर आणि हा ठोका कानाला, अंगाला जवळजवळ सारखाच लागतो.

सोबत एकाला घ्या आणि मागच्या सीटवर बसवा. आता ४० वरून अगदी हलक्या पायाने ब्रेक लावत गाडी पूर्ण थांबवा. तीन-चार वेळा करा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपायच्या: थरथर कितीच्या वेगाला सुरू होते, कुठे जाणवते आणि तिचा ठेका कसा आहे.

स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलत असेल तर दोष पुढच्या चाकांत. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि फरशी हलते, मागे बसलेल्याला तुमच्यापेक्षा जास्त कळते, तर मागच्या चाकांत. पेडल पायाखाली वर-खाली होत असेल तर डिस्कची जाडी असमान आहे किंवा ड्रम गोल राहिलेला नाही. पेडल बारीक, भराभर, मशीनसारखं कुरकुरत असेल आणि गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल, तर गोष्ट वेगळीच आहे. ती पुढे येईल.

ठेका मोजणं हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा आहे आणि त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. छोट्या गाडीच्या टायरचा घेर १.७ ते १.८५ मीटर असतो. २० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला तीन-सव्वातीन फेरे घेतं; १० च्या वेगात दीड. तुमची थरथर धप-धप-धप अशी सुरू होऊन, वेग उतरेल तशी धप... धप... अशी सुटी होत गेली आणि शेवटच्या दहा मीटरमध्ये बोटांवर मोजता आली, तर दोष फिरणाऱ्या भागात आहे: ड्रम, डिस्क, हब किंवा टायर. ठेका वेगासोबत बदलत नसेल तर फिरणाऱ्या भागांना सोडा. तेव्हा बुश, इंजिन माउंटिंग, एबीएस किंवा पॅडची किरकिर तपासायची.

आता हँडब्रेकची चाचणी. सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर २० चा वेग ठेवा, पाय पेडलवरून काढा, क्लच दाबा आणि हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरूनच दांडा हळूहळू ओढा. बटण सोडायचं नाही, म्हणजे चाक अडकायला लागलं तर लगेच सोडता येतं. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. तीच थरथर आली तर मागचा ड्रम सापडला. एकदम गुळगुळीत थांबली तर मागचं बाजूला ठेवा आणि पुढे या. पावसाळ्यात किंवा रेती पडलेल्या रस्त्यावर हे करू नका.

त्यानंतर तोच ब्रेक दोनदा लावून पाहा, एकदा गिअरमध्ये, एकदा क्लच दाबून. क्लच दाबताच थरथर नाहीशी झाली तर ब्रेक निर्दोष आहेत. आणि शेवटी ब्रेक न लावता, न्यूट्रलमध्ये गाडी ४० वरून स्वतःहून मंदावू द्या. तरीही थरथरली तर टायर पाहा.

मागचा ड्रम

हळू वेगातल्या थरथरीत पहिला संशयित हाच मानावा. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो आणि ब्रेकची पकड वाढवतो. त्यामुळे ड्रम किंचित लंबगोल झाला तरी पकडीतला फरक मोठा होतो. जास्त वेगात हे गचके इतके जवळ येतात की गाडीचं वजन त्यांना गिळून टाकतं. २० च्या आत प्रत्येक गचका सुटा लागतो.

ड्रम लंबगोल होण्याचं एक नेहमीचं कारण आपल्याकडच्या उन्हात समजून घेण्यासारखं आहे. मे महिन्यात ४५ अंशांत अमरावतीहून यायचं, शेवटी शहरातल्या सिग्नलांवर ब्रेक मारत घर गाठायचं आणि दारात गाडी लावून हँडब्रेक कचकन वर ओढायचा. तापलेल्या ड्रमला दोन बाजूंनी शू ताणून धरतात आणि तो त्याच ताणात थंड होतो. पातळ, आधीच घासलेल्या ड्रमला हे पुन्हा पुन्हा झालं की आकार बिघडतो. तापलेली गाडी सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगडाची उटी लावा आणि हँडब्रेक ओढायचाच असेल तर थंड झाल्यावर ओढा.

ड्रम काढण्यासाठी पुढच्या दोन्ही चाकांना उटी लावा, मागचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, जॅकने उचला आणि घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. विटांवर ठेवू नका; वीट फुटताना आवाज देत नाही. हँडब्रेक सोडा, केबलचा ॲडजस्टर ढिला करा. ड्रम अडकला तर हातोड्याने कडेवर ठोकू नका. बऱ्याच ड्रमना तोंडावर आट्यांची दोन भोकं असतात, बहुधा ८ मिमीच्या बोल्टची. त्यांत दोन बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. काही गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतात. तिथे मधला नट आणि त्याची लॉकिंग सोडवावी लागते, आणि परत बसवताना नवी पिन किंवा नवा नट लागतो.

आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला मास्क बांधा, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून धूळ ओली करा आणि पुसून घ्या.

आता ड्रम उजेडात धरा. आतल्या चकचकीत पट्टीवर बोटाचं नख आडवं फिरवा. खोल चरे आणि कडेला उंच ओठ असेल तर ड्रम बराच घासला आहे. पट्टीवर निळसर-काळे, नाण्याएवढे डाग दिसले तर तिथलं लोखंड तापून कडक झालं आहे. हे डाग खराद्याच्या हत्यारालाही दाद देत नाहीत. हत्यार त्यांच्यावरून उडी मारतं आणि महिन्याभरात तिथेच उंचवटे पुन्हा उभे राहतात. असा ड्रम लेथवर नेऊ नका, बदला.

डाग नसतील तर आतला व्यास व्हर्नियरने चार दिशांना मोजा, प्रत्येक ४५ अंशांवर एक. मोजताना ओठावर नाही, शू जिथे घासतो तिथे जबडे टेकवा. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान मापात ०.१ मिमीहून जास्त फरक आला तर तो पायाला कळणारच. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, मूळ मापापेक्षा बहुधा १ ते २ मिमी जास्त. लेथवर फिरवल्यानंतर ड्रम त्या आकड्याच्या आत राहिला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंचे ड्रम जवळजवळ सारख्या मापाचे करून घ्यायचे, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

शू पाहताना दोन गोष्टी. लायनिंग ओलं किंवा चिकट असेल तर व्हील सिलिंडर गळतोय किंवा ग्रीस बाहेर येतंय. असा शू धुऊन वापरता येत नाही, तो एकाएकी पकडतो. दुसरी गोष्ट म्हणजे शूचा आणि ड्रमचा मेळ. ड्रमच्या आत खडूने पूर्ण गोल पट्टी ओढा, ड्रम बसवा, हँडब्रेक एक-दोन दात ओढून ड्रम हाताने एक फेरा फिरवा आणि उघडा. खडू शूच्या मधोमध लागला असेल तर ठीक, पुढे घासून मेळ बसेल. फक्त दोन्ही टोकांना लागला असेल तर शूची गोलाई ड्रमपेक्षा मोठी आहे; तो गचके देणारच. शूची टोकं घासून मेळ बसवा किंवा दुसरा संच आणा. बसवल्यावर चाक हाताने फिरवताना जेमतेम सरसर ऐकू येईल एवढं ॲडजस्टिंग ठेवा. हँडब्रेक साधारण चार ते सात दातांत घट्ट व्हावा.

पुढची डिस्क, आणि तिच्या मागचा हब

ओतीव लोखंडाची डिस्क शहरातल्या ब्रेकिंगने सहसा वाकत नाही. "लहरली" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते. हे घडतं असं: हबवर गंजाची पापडी असते, त्यावर डिस्क बसते आणि केसाएवढी तिरकी फिरते. हबचा व्यास लहान, डिस्कचा मोठा, त्यामुळे हबवरचा शंभराव्या मिलिमीटरातला फरक डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट होतो. ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते आणि तेवढाच भाग झिजतो. पाच-सात हजार किलोमीटरनंतर तिथे जाडी कमी होते आणि पेडल उचलायला लागतं. नवे पॅड-डिस्क टाकल्यावर लगेच काही नाही पण काही महिन्यांनी थरथर सुरू झाली, तर हबच साफ झालेला नव्हता असं खुशाल समजा.

दुसरं कारण पॅडचा ठसा. उड्डाणपुलावरून जोरात उतरायचं, खाली सिग्नलला कचकन थांबायचं आणि मिनिटभर पेडल दाबून धरायचं. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर त्याच जागी चिकटतो आणि तिथे पकड वेगळी होते. अशा वेळी थांबल्यावर सपाट जागी पाय हलका करा, मागे-पुढे जागा असेल तर गाडी फूटभर पुढे जाऊ द्या. तिसरं कारण गंज. पावसाळ्यात गाडी महिनाभर उघड्यावर उभी राहिली की डिस्कवर पॅडच्या आकाराचा तांबूस चौकोन उमटतो. ताजा असेल तर पंधरा-वीस हलक्या ब्रेकांनी निघतो. खड्डे पडले असतील तर निघत नाही.

मोजमापाला मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक बेसचा डायल गेज लागतो. चाक काढा, पण नट पालथे किंवा वॉशर घालून डिस्कवर परत आवळा, नाहीतर डिस्क हबवर सैल राहते आणि आकडे खोटे येतात. गेजची सुई डिस्कच्या कडेपासून १० मिमी आत टेकवा, शून्यावर आणा आणि डिस्क पूर्ण एक फेरा सावकाश फिरवा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर उत्तम. लहर ०.१ च्या पुढे गेली तर तशी सोडायची नाही.

गेज नसेल तर अंदाजापुरता एक उपाय आहे. जाड तार स्ट्रटला (चाकामागच्या शॉक ॲबसॉर्बरला) घट्ट बांधा आणि तिचं टोक डिस्कजवळ असं आणा की झेरॉक्सचा कागद मधून जेमतेम सरकावा. तो कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. डिस्क फिरवताना एका जागी कागद अडकतो आणि दुसऱ्या जागी सैल पडतो, तर लहर आहे.

आता डिस्कच्या उंच जागेवर आणि तिच्यासमोरच्या हबच्या स्टडवर (ज्यावर चाकाचा नट बसतो त्या बोल्टवर) खडूने खूण करा. कॅलिपर (पॅड धरणारा भाग) काढा, तारेने स्प्रिंगला लटकवा. होसवर लोंबू देऊ नका. डिस्क काढली की हबचं तोंड दिसेल. स्टडच्या बुडाशी, जिथे वायर ब्रश पोचत नाही, तिथे गंजाचं कडं असतं. बोट फिरवलं तर खरखरीत टेकडीसारखं लागतं. तेच मूळ. ते पॉलिश पेपर गुंडाळलेल्या छोट्या पाइपने प्रत्येक स्टडभोवती फिरवून काढा, मग पूर्ण तोंड आणि डिस्कची मागची बाजू चकचकीत करा. तिथे ग्रीसचा लपका लावू नका, बोटावरचं पुसटसं पुरे.

डिस्क परत लावा आणि पुन्हा मोजा. अजूनही जास्त असेल तर डिस्क एका स्टडने पुढे फिरवून बसवा आणि मोजा. उंच जागा डिस्कसोबत सरकली तर दोष डिस्कचा. खुणेच्या स्टडपाशीच राहिली तर हबचा किंवा बेअरिंगचा, आणि तिथे कितीही डिस्क बदलल्या तरी उपयोग नाही. चार स्टडच्या चार जागांपैकी जिथे आकडा सगळ्यांत कमी, तिथेच ती ठेवा. काही डिस्क बारीक स्क्रूने हबला बांधलेल्या असतात. तिथे ही सोय नाही.

जाडी मायक्रोमीटरने गोल फिरत आठ जागी मोजा. ०.०२ मिमीहून जास्त फरक म्हणजे पेडलला कळणार. व्हर्नियर इथे चालत नाही, कडेचा ओठ मध्ये येतो आणि तेवढं बारीक मापही त्याच्यावर वाचता येत नाही. किमान जाडी डिस्कवर कोरलेली असते. अनेक छोट्या गाड्यांत नवी डिस्क १० मिमीची आणि मर्यादा ८ मिमीची असते, पण तुमच्या डिस्कवरचाच आकडा खरा.

डिस्क लेथवर द्यायची असेल तर खराद्याला एक प्रश्न विचारा: कशात पकडणार? बाहेरच्या कडेने चकमध्ये पकडून फिरवलेली डिस्क पाहायला सुंदर दिसते आणि गाडीवर लहरते. मधलं भोक आणि हबला टेकणारं तोंड धरूनच तिला सेट केलं पाहिजे, आणि कट दोन्ही बाजूंनी सारखा, ०.१ मिमीच्या आसपास. कामाआधी डायल लावून दाखवणारा खरादी असेल त्याच्याकडेच जा, थोडं लांब पडलं तरी.

डिस्क नीट असेल तर कॅलिपरच्या दोन्ही स्लाइड पिन ओढून पाहा. बोटाने सरकल्या पाहिजेत. एक जाम असेल तर आतला आणि बाहेरचा पॅड वेगळे झिजतात, कधी पाचरीसारखे. पिन साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस रबरी बूट फुगवतं आणि पिन पुन्हा जाम होते.

बुश आणि जोड

ठेका वेगाला जुळत नाही, ब्रेक दाबताच पहिल्यांदा "टक" होतं आणि मग पुढचा भाग हेलकावतो: हे लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) फाटलेल्या बुशचं वागणं. ब्रेक लागला की चाक मागे सरकतं, सोडलं की पुढे. काही जुन्या छोट्या गाड्यांत स्टॅबिलायझर बारच लोअर आर्मला पुढून धरतो. तिथे त्या बारचे बुशही पाहायचे.

एकाला गाडी माणसाच्या चालीने पुढे घ्यायला सांगा आणि चार-पाच वेळा ब्रेकला टिचकी मारायला सांगा. तुम्ही बाजूला चार हात उभे राहून चाक आणि फेंडरमधल्या फटीकडे पाहा. फट उघड-मीट करताना दिसली तर बुश गेले. गाडी घोडीवर असताना आर्म आणि चॅसिसमध्ये सब्बल घालून हलकं उचला. रबर भेगाळून उघडं पडतं की एकसंध दबतं, ते डोळ्यांना दिसतं. उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेलं रबर कडक होतं आणि बोटाने दाबलं तरी बारीक भेगा दिसतात.

चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडे हलत असेल तर टाय रॉड एंड.

नवे बुश टाकले की त्यांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर, गाडीचं वजन त्यांवर असताना. चाक लोंबतं असताना आवळले तर जमिनीवर आल्यावर रबर सतत पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत फाटतं. हे गॅरेजमध्ये उभं राहून करून घ्या.

एबीएस, इंजिन, टायर

एबीएस असलेल्या जुन्या गाडीत, कोरड्या रस्त्यावर, अगदी थांबताना १५ ते ५ च्या मध्ये पेडल कुरकुरलं आणि गाडी क्षणभर पुढे सरकली, तर एबीएस विनाकारण जागा होतोय. जुन्या पद्धतीच्या सेन्सरचा सिग्नल वेग कमी झाला की आपोआप क्षीण होतो. टोन रिंग (चाकासोबत फिरणारी दातेरी कडी, सेन्सर तिच्यावरून वेग ओळखतो) गंजली, तडकली किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडी चूर चिकटला की तो आणखी क्षीण होतो आणि कॉम्प्युटरला वाटतं चाक अडकलं. एबीएसचा फ्यूज काढून रिकाम्या कोरड्या रस्त्यावर २० च्या वेगात हलका ब्रेक लावा. कुरकुर गेली तर शंका पक्की. फ्यूज काढल्यावर मागच्या-पुढच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही बंद पडू शकते, म्हणून चाचणी झाली की लगेच परत लावा. पुढे एबीएस वाचणारा स्कॅनर लावून चारही चाकांचा वेग एकत्र पाहायचा. इतरांच्या आधी जे चाक शून्यावर उतरतं, त्याचा सेन्सर आणि रिंग साफ करायची.

क्लच दाबल्यावर जाणारी थरथर इंजिन माउंटिंगची किंवा आयडलची असते. ब्रेक लावून, तिसऱ्या गिअरमध्येच १५ वर येणं ही सवय असेल तर इंजिन गुदमरणारच. आधी सवय बदलून पाहा.

टायरवर हात फिरवून फुगवटा शोधा आणि बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी उन्हात वाळलेल्या जुन्या टायरचे आतले थर सुटतात, आणि मग गाडी २०-३० मध्ये ब्रेकशिवायही डुलते.

शेवटच्या दोन मीटरमध्ये नुसती "किर्रर" असेल आणि धक्का नसेल, तर पॅड चकाकले आहेत. ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून परत बसवा, क्लिपा नीट आहेत का ते पाहा.

काम झाल्यावर

नव्या पॅड-शूला बसू द्यावं लागतं. पहाटे आउटर रिंग रोडवर, मागे गाडी नाही हे पाहून, ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबायचं नाही. गरम पॅड डिस्कवर दाबून धरला की पहिल्याच दिवशी ठसा उमटतो. दर दोन वेळांच्या मध्ये अर्धा-एक किलोमीटर मोकळी चालवा आणि शेवटी पाच-सात मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता गाडी थंड होऊ द्या. घरी आल्यावर हात प्रत्येक चाकाजवळ न्या, धातूला लावू नका. डाव्या-उजव्यापैकी एकच जास्त भाजत असेल तर तिथला पिस्टन, पिन किंवा आतून बसलेला होस ब्रेक सोडत नाहीये, आणि ते चाक पुन्हा उघडावं लागेल. शंभर किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा, समोरासमोर, त्याच जोराने तपासा.